हेवी स्प्रिंग टाकण्याआधी जॉब वजनकाट्यावर ठेवा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे कुणी वाचलं तर संदर्भ राहील. शिरोली एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) २.३ किलो वजनाचं बिडाचं हाउसिंग चालतं, तोच आपला जॉब. फिक्श्चरवर (जॉब बसवायची चौकट) खाली तीन रेस्ट पॅड, लांब बाजूला दोन लोकेटर (जॉब ज्याला टेकतो ते घट्ट टेकू) आणि आखूड बाजूला एक. समोरून दोन्ही दिशांना एम ८ चा एकेक साधा बॉल प्लंजर (टोकाला स्प्रिंगवर दबणारा बॉल असलेला स्क्रू), बॉल जवळजवळ पूर्ण दाबला जाईल इतका आत घेतलेला. हाउसिंगचा एक कान बाहेर येतो, त्याच्याखाली आधार म्हणून तसाच तिसरा प्लंजर. तक्रारी तीन: बोअरची पोझिशन ०.०८ मि.मी.पर्यंत सरकते, कानावर मिलिंग करताना चॅटर (थरथर) येतो, आणि तपासणीच्या फिक्श्चरवरचे तीन डायल (सुईची मापयंत्रं) त्याच जॉबला दर वेळी वेगळं रीडिंग देतात. विचारलंय असं की हेवी स्प्रिंगचे प्लंजर टाकू का, कुठल्या कंपनीचे घेऊ, आणि ड्रिल जिगच्या इंडेक्स प्लेटलाही (ठरलेल्या कोनात फिरवून थांबवायची प्लेट) हेच चालतील का.

हेवी टाकू नका. तुमच्याकडे आत्ताच स्प्रिंगचा जोर गरजेपेक्षा जास्त आहे, आणि त्यातला एक प्लंजर तर जॉबला चक्क वर उचलतोय. खरा प्रश्न कंपनीचा नाहीच. दिसायला एकसारखी वस्तू तुम्ही चार वेगळ्या कामांना लावली आहे किंवा लावणार आहात: जॉब लोकेटरकडे सरकवणं, कानाला आधार देणं, प्लेट ठरलेल्या कोनात पकडणं आणि मोजमापाच्या वेळी जॉब बसवणं. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या कामाला बॉल प्लंजर योग्य. बाकी दोन कामं त्याची नाहीत.

खालचे आकडे घर्षणाचा गुणांक ०.२ धरून काढले आहेत. तेलकट पृष्ठभागावर तो ०.१२ पर्यंत उतरतो, बिडाच्या खरखरीत कास्टिंगवर वाळूचे कण राहिले असतील तर ०.३ च्या वर जातो. म्हणून आकडे तंतोतंत धरू नका, हिशोबाची रीत धरा आणि तुमच्या जॉबवर पडताळून पाहा.

२.३ किलो म्हणजे साधारण २२.५ न्यूटन. पॅडवर हा जॉब आडवा सरकवायला त्याच्या ०.२ पट, म्हणजे ४.५ न्यूटन लागतात. एवढ्यावर थांबून चालत नाही. जॉब एका दिशेने सरकताना दुसऱ्या दिशेचा प्लंजर त्याला समोरच्या लोकेटरवर दाबून धरत असतो. तिथे दोन ठिकाणी घासतं, एकदा लोकेटरवर आणि एकदा बॉलवर. म्हणजे दुसऱ्या प्लंजरच्या जोराच्या ०.४ पट अडथळा आणखी आला. दोन्ही प्लंजर सारखे असतील तर समीकरण साधं होतं: प्लंजरचा जोर वजा त्याचाच ०.४ हिस्सा, हे ४.५ पेक्षा जास्त हवं. उत्तर येतं ७.५ न्यूटन. कूलंटची चिकट फिल्म, बारीक कीस, पॅडवरचा ओरखडा या सगळ्यासाठी दुप्पट घ्या. खालची मर्यादा १५ न्यूटन झाली.

वरची मर्यादा बहुतेक जण काढतच नाहीत. जॉब वरून खाली बसवताना चारही ठिकाणी, म्हणजे दोन बॉलवर आणि दोन दिशांच्या लोकेटरवर, उभं घर्षण लागतं. दोन्ही प्लंजरच्या जोरांच्या बेरजेच्या ०.४ पट. हे वजनापेक्षा कमी असेल तर जॉब आपल्या वजनाने पॅडवर बसतो, जास्त असेल तर मध्येच लटकतो. सारख्या प्लंजरला ०.८ पट जोर २२.५ पेक्षा कमी हवा, म्हणजे प्रत्येकी २८ न्यूटनच्या आत. थोडी सवलत ठेवून २० ते २२ म्हणू. तुमची खिडकी १५ ते २० न्यूटनची आहे.

आता तुमचे आत्ताचे प्लंजर बघा. एम ८ च्या साध्या बॉल प्लंजरचा जोर बऱ्याच कॅटलॉगमध्ये सुरुवातीला १८ च्या आणि शेवटी ३० न्यूटनच्या आसपास दिलेला असतो. तुम्ही ते जवळपास पूर्ण दाबून वापरता, म्हणजे प्रत्येकी ३०. त्याच्या ०.८ पट २४, आणि वजन २२.५. जॉब लटकणारच. ऑपरेटर वरून हातोडीच्या मुठीने किंवा नायलॉन मॅलेटने ठोकत असेल, नक्की विचारा. हेवी स्प्रिंगमध्ये हाच आकडा साधारण दुप्पट होतो. मग ठोकण्याशिवाय जॉब बसणारच नाही, आणि ठोकल्यावर तो नेमका कुठे बसला हे कुणालाच सांगता येणार नाही.

कुणी सुचवेल की एकच प्लंजर हेवी करा. ते आणखी वाईट. लांब बाजूचा ६० न्यूटनचा केला आणि आखूड बाजूचा ३० चाच ठेवला, तर आखूड दिशेला अडथळा होतो ६० च्या ०.४ पट २४, अधिक ४.५, मिळून २८.५. तिथला प्लंजर ३० चा. जेमतेम दीड न्यूटन उरला. बॉलवर थोडा गंज आला की जॉब त्या दिशेला टेकणं बंद.

पण ०.०८ चा पहिला संशयित मला हे दोघे वाटतच नाहीत. कानाखालचा तिसरा प्लंजर वाटतो. तो वर ढकलतो, अंदाजे २५ न्यूटनने, आणि जॉबचं वजन २२.५. त्यात कान तीन पॅडच्या त्रिकोणाच्या बाहेर आहे, म्हणजे तो प्लंजर जॉबला एका कडेवर कलवतो. मग पहिला क्लॅम्प आवळला की जॉबची एक बाजू आधी खाली जाते, जॉब त्या बिंदूभोवती किंचित फिरतो, बाजूचा लोकेटर सोडतो आणि तसाच आवळला जातो. कलण्याचा हिशोब करून पाहा: १२० मि.मी. पायावर एका टोकाला ०.१ मि.मी. उचल राहिली आणि बोअर पायापासून ६० मि.मी. उंचीवर असेल, तर पोझिशन ०.०५ ने सरकते. वर थोडं फिरणं धरलं की तुमचा ०.०८ पूर्ण होतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो: क्लॅम्प आवळल्यावर साइडचा प्लंजर जॉबला परत लोकेटरवर नेणार नाही का? नाही नेणार. एम १० च्या बोल्टला ३० न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर बोल्टमध्ये साधारण १५,००० न्यूटन ताण येतो. क्लॅम्पच्या पट्टीत बोल्ट मधोमध असेल तर जॉबवर त्यातले साडेसात हजार पडतात. त्याचं घर्षण दीड हजार न्यूटन. तिथे तीस काय आणि साठ काय, स्प्रिंगचं काही चालत नाही. स्प्रिंगला जे काम करायचं ते क्लॅम्प लागण्याआधीच. त्यानंतर जॉब धरून ठेवणं क्लॅम्पचं काम, आणि कटिंगचा जोर झेलणं घट्ट लोकेटरचं. म्हणून कटरचा मुख्य रेटा नेहमी लोकेटरच्या दिशेने घ्या, प्लंजरच्या दिशेने कधीच नको.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा. कानाखालचा प्लंजर काढून टाका. साइडचे दोन्ही प्लंजर मागे घेऊन बॉल त्यांच्या स्ट्रोकच्या निम्मे दाबले जातील असे सेट करा. जॉब हाताने ठेवा, ठोकू नका. ०.०३ ची फीलर पट्टी तिन्ही पॅडवर आणि तिन्ही लोकेटरवर घालून बघा, कुठेही शिरता कामा नये. मग जॉबच्या वरच्या आणि बाजूच्या फेसवर प्रत्येकी एक डायल लावा, क्लॅम्प एकेक करून आवळा आणि प्रत्येक वेळी सुई किती हलली ते लिहून ठेवा. फीलर शिरत नाही, पण क्लॅम्प आवळताना बाजूचा डायल ०.०२ पेक्षा जास्त सरकतो, असं झालं तर दोष क्लॅम्पचा. पट्टीखालचा वॉशर सपाट असतो आणि पट्टी किंचित तिरकी, त्यामुळे आवळताना ती जॉबला ओढून नेते. गोल वॉशर आणि त्याची वाटी असा जोड घाला आणि क्लॅम्पचा दाब रेस्ट पॅडच्या बरोबर वर आणा.

प्लंजरची जागाही तपासा. लांब बाजूचा प्लंजर त्या दोन लोकेटरच्या मध्यावर किंवा मध्याजवळ हवा. तो एका लोकेटरच्या पलीकडे गेला तर दुसरा लोकेटर सुटतो. उंचीही तशीच: प्लंजर आणि समोरचा लोकेटर एका पातळीत. प्लंजर वर असेल तर त्याच्याच बाजूची कड उचलली जाते, खाली असेल तर लोकेटरची बाजू उचलते. आणि कास्टिंगवर पार्टिंग लाइनचा फ्लॅश (साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथे उरलेली पातळ कड) बघायला विसरू नका. बॉल फ्लॅशवर बसला तर एका लॉटला चांगला चालतो, पुढच्या लॉटला फ्लॅश घासून आला की वेगळा. लोकेटरही जमेल तिथे साच्याच्या एकाच अर्ध्यात येणाऱ्या पृष्ठभागावर घ्या, कारण दोन अर्ध्यांतला मिसमॅच तुमच्या हातात नसतो.

आता खरेदी. कंपनी कुठलीही चालेल, अट एकच: कॅटलॉगमध्ये सुरुवातीचा जोर, शेवटचा जोर आणि स्ट्रोक हे तिन्ही आकडे छापलेले असावेत. एलेसा-गँटर, हाल्डर, नोरेल्म, मिसुमी हे सगळे देतात. स्थानिक दुकानातले सुटे प्लंजरही चांगले निघतात, पण त्यांच्यासोबत आकडे येत नाहीत, ते तुम्हालाच काढावे लागतात. त्याला महागडं फोर्स गेज लागत नाही. दहा घेतले तर त्यातले तीन काढा. प्लंजर एका छोट्या ब्लॉकमध्ये घट्ट करा, ब्लॉक ड्रिल मशीनच्या टेबलावर बॉल वर करून नव्हे, तर स्पिंडलमध्ये बॉल खाली करून धरा आणि खाली डिजिटल वजनकाटा ठेवा. काट्याच्या ताटावर कडक पट्टी ठेवायला विसरू नका. क्विल (स्पिंडलची खाली-वर होणारी नळी) हळूहळू खाली आणा. बॉल टेकला की अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरला वाचन घ्या. एक किलो म्हणजे ९.८ न्यूटन. तिघांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर तो लॉट परत करा. मशीन बंद ठेवूनच हे करायचं, हे सांगायला नको.

तुमच्यासाठी सुरुवातीला १२ आणि शेवटी २० न्यूटनच्या आसपासचा प्लंजर हवा. एम ८ मध्ये हलक्या स्प्रिंगचा मिळतो, एम ६ मध्ये साध्या स्प्रिंगचाही जवळपास येतो, पण एम ६ चा स्ट्रोक कमी. स्ट्रोक महत्त्वाचा का, ते बघा. समजा स्ट्रोक १.५ मि.मी. आहे. जोर १२ वरून २० ला जातो, म्हणजे एका मिलिमीटरला ५.३ न्यूटन. निम्मा दाबला की १६ न्यूटन. तुमच्या कास्टिंगची रुंदी ±०.४ ने बदलली तर जोर १४ ते १८ मध्ये फिरतो, आपल्या खिडकीला जवळपास धरून. कास्टिंग ±०.८ ने बदलत असेल तर मात्र निम्म्याच्या सेटिंगवर एका टोकाला बॉल सुटतो आणि दुसऱ्या टोकाला तळ गाठतो. तळ गाठलेला बॉल म्हणजे स्प्रिंग राहिलीच नाही, तो सरळ बोल्ट झाला. तो आटे ताणतो, जॉबवर खड्डा पाडतो आणि जॉब लटकवतो. अशा कास्टिंगला बॉल सोडून लांब स्ट्रोकचा, गोल नाकाच्या पिनचा प्लंजर घ्या.

खरखरीत बिडाला तसंही पिनच बरी. बॉलचा स्पर्श एका बिंदूचा, तो कास्टिंगच्या खरखरीत त्वचेत अडकतो. मशीन केलेल्या फेसवर किंवा ॲल्युमिनियमवर तोच बॉल गोल डाग सोडतो, तिथे डेलरिन (कडक प्लास्टिक) नाकाची पिन घ्या. आत्ता तुमच्या बॉलच्या तोंडाची कॉलर वाकली आहे का बघा. जॉबची धारदार कड वरून येऊन बॉलवर आदळते आणि ती पातळ कॉलर उघडते. एक दिवस बॉल सुटून टेबलावर पडतो. उपाय स्वस्त आहे: बॉलच्या आधी जॉबला वाट दाखवणारे दोन तिरके गाइड किंवा जॉबच्या खालच्या कडेला चेंफर.

बसवताना आणखी एक गोष्ट. प्लंजरच्या मागे आंधळं छिद्र ठेवू नका. कूलंट आत साचतं, बाहेर यायला वाट नसते, आणि बॉल पाण्यावर अडकल्यासारखा आत दाबला जात नाही. मागे ३ मि.मी.चं आरपार छिद्र काढा. बिडाची पूड कूलंटमध्ये मिसळून सुकली की सिमेंटसारखी घट्ट बसते, सोमवारी सकाळी पहिले चार-पाच जॉब रिजेक्ट का होतात याचं एक कारण तेच असतं. सील असलेले प्लंजर मिळतात, बिडाला ते घ्यावेत. आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावणार असाल तर एक थेंब मागच्या आट्यांवर लावा, तोंडाकडे नको, ते आत झिरपून पिन चिकटवतं. मला त्यापेक्षा नायलॉनचा ठिपका असलेले प्लंजर आणि चेक नट जास्त आवडतात, सेटिंग बदलायला सोपे पडतात.

कानाकडे येतो. तिथे चॅटर येतो कारण तिथे आधारच नाही. फेस मिलिंगमध्ये कानावर काहीशे न्यूटनचा रेटा सहज येतो आणि तोही दर दाताला धडधडत. खाली २५ न्यूटनची स्प्रिंग म्हणजे कानाला उशी दिल्यासारखं. आधार कडक हवा, पण कास्टिंगच्या कानाची उंची दर जॉबला वेगळी, म्हणून कायमचा पॅडही देता येत नाही. या अडचणीसाठीच स्प्रिंग जॅक असतो. स्प्रिंग पिनला हळूच वर आणून कानाला टेकवते, मग तिरक्या पाचरीने पिन जागच्या जागी लॉक होते. पाचरीचा कोन ६ ते ८ अंशांचा असला की ती घर्षणानेच अडकून राहते, वरच्या दाबाने मागे सरकत नाही. स्प्रिंग फक्त टेकवण्यापुरती, १० न्यूटनही पुष्कळ.

पण तुमच्याच हिशोबात ते १० न्यूटन धरा: जॉबचं प्रभावी वजन २२.५ वरून १२.५ झालं आणि वरची मर्यादा २८ वरून साडेपंधरावर आली. म्हणून लोडिंगच्या वेळी जॅक खाली ओढून अडकवलेला हवा. क्रम असा: जॅक खाली, जॉब ठेवा, प्लंजरने बाजूला टेकला याची खात्री करा, मुख्य क्लॅम्प आवळा, मग जॅक सोडा, लॉक करा, आणि कानावर क्लॅम्प हवा असेल तर तो सगळ्यात शेवटी, जॅकच्या बरोबर वर. घरी जॅक बनवणार असाल तर लॉकिंग स्क्रू थेट पिनवर टेकवू नका, मध्ये पितळेचा तुकडा घाला. नाहीतर स्क्रूचं टोक पिनवर खाच पाडतं आणि पुढच्या वेळी पिन त्याच खाचेत ओढली जाते. तपासायला कानावर डायल लावा: लॉक करताना सुई ०.०१ पेक्षा जास्त हलली तर जॅक चुकीचा बनला आहे.

इंडेक्स प्लेटचं उत्तर छोटं आहे. बॉल प्लंजर प्लेटला ‘इथे थांब’ एवढं सांगू शकतो, धरू शकत नाही. बॉल ९० अंशांच्या काउंटरसिंकमध्ये (शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात) बसला असेल तर प्लेट हलवायला लागणारा आडवा जोर घर्षण सोडून स्प्रिंगच्या जोराइतकाच. १२० अंशांचा काउंटरसिंक असेल तर ०.५८ पट, ६० अंशांचा असेल तर १.७३ पट. २० न्यूटनचा बॉल ८० मि.मी. त्रिज्येवर म्हणजे १.६ न्यूटन-मीटर. दोन बोटांनी फिरेल. ड्रिल आरपार निघताना झटका देतं तेव्हा ही प्लेट नक्की सरकणार.

तिथे इंडेक्स प्लंजर (छिद्रात जाऊन बसणाऱ्या पिनचा) घ्या, आणि तोही कॅटलॉगमधला साधा नको. साध्यांच्या पिनला गाइडमध्ये चांगला प्ले (ढिलाई) असतो, ते दार बंद करायला किंवा स्टॉप बदलायला असतात. ग्राइंड केलेली पिन आणि कडक बुश असलेला घ्या. १० मि.मी.च्या पिनला एच ७ / जी ६ फिट (छिद्र आणि पिन यांच्या मापांची ठरलेली जोडी) असेल तर प्ले ०.००५ ते ०.०२९ मि.मी. १०० मि.मी. त्रिज्येवर ०.०२९ म्हणजे जवळपास बरोबर एक मिनिटाचा कोन, ५० मि.मी. त्रिज्येवर दोन मिनिटं. शिवाय असा प्ले दोन जागी असतो, पिन आणि तिच्या गाइडमध्ये, आणि पिन आणि प्लेटच्या बुशमध्ये. म्हणून पिन शक्य तितक्या मोठ्या त्रिज्येवर न्या. नाक टेपरचं घेतलं तर प्लेटकडचा प्ले जातो, गाइडचा राहतो, पण टेपरवर एक चिप बसली की प्लेट सरळ चुकीच्या कोनात थांबते. बिडाच्या कामात मी दंडगोल पिनला पसंती देईन. ओढून ९० अंश फिरवलं की बाहेर अडकून राहणारा प्रकार मिळतो, तो इथे घेऊ नका. ऑपरेटर पिन आत सोडायला विसरला तरी प्लेट जागेवर असल्यासारखीच दिसते. आपोआप आत पडणारा घ्या, आणि इंडेक्स झाल्यावर प्लेट वेगळ्या क्लॅम्पने आवळा.

पुढच्या सेटअपला तुम्ही बोअरवरून लोकेट करणार असाल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. बोअर कास्ट असेल आणि ±०.१ ने बदलत असेल, तर सगळ्यांना बसणारी दंडगोल पिन लहान घ्यावी लागते आणि मोठ्या बोअरमध्ये जॉब एका बाजूला ०.१ च्या वर सरकतो. कोन पिन (शंकूच्या आकाराची) बोअरचा मध्य पकडते, पण ती घट्ट बसवली तर जॉब शंकूवर टांगला जातो आणि पॅडला टेकतच नाही. कोन पिन स्प्रिंगवर हवी: क्लॅम्प जॉबला पॅडवर दाबतो तेव्हा पिन खाली जाते, मध्य मात्र सोडत नाही. तिच्या गाइडचा प्ले तेवढीच तुमची चूक, म्हणून गाइड एच ६ / जी ५ ची आणि गाइडची लांबी पिनच्या व्यासाच्या किमान दुप्पट. स्प्रिंग जॉबच्या वजनापेक्षा कमी जोराची.

आता डायल. रीडिंग बदलतं म्हणजे डायल खराब, असं लगेच धरू नका. दोन चाचण्या वेगवेगळ्या घ्या. पहिली: जॉब ठेवा, हात लावू नका, फक्त डायलची पिन दहा वेळा उचलून सोडा. दुसरी: जॉब काढून परत ठेवा, असं दहा वेळा. पहिल्या चाचणीत फरक ०.००५ च्या वर असेल तर दोष डायलमध्ये किंवा त्याच्या स्टँडमध्ये. पहिली नीट आणि दुसरी बिघडलेली असेल तर जॉब बसत नाही. तुमच्या बाबतीत मला दुसरीच बिघडेल असं वाटतं.

कारण पुन्हा तेच वजन. ०.०१ च्या साध्या प्लंजर डायलचा मोजण्याचा दाब दीड न्यूटनपर्यंत जातो. तीन डायल एकाच दिशेने असतील तर साडेचार, म्हणजे जॉब सरकवायला लागतो तेवढाच. तपासणीच्या फिक्श्चरवर क्लॅम्प नसतो, त्यामुळे जॉबला लोकेटरवर धरणारी स्प्रिंग डायलच्या एकूण दाबाच्या किमान तिप्पट हवी. तुमच्याकडे १५ न्यूटनचा प्लंजर तिथे बरोबर बसतो. हलक्या जॉबला उलट करा, डायलचा दाब कमी करा: ६० ग्रॅमच्या जॉबचं वजन ०.६ न्यूटन, खालून लावलेला एकच डायल त्याला उचलतो. तिथे लिव्हर डायल घ्या, त्याचा दाब ०.३ न्यूटनच्या आसपास किंवा कमी. इलेक्ट्रॉनिक प्रोबचा साधारण ०.७.

पहिली चाचणी बिघडली तर आधी डायलचा ८ मि.मी.चा स्टेम बघा. फटीच्या क्लॅम्पचा स्क्रू जोरात आवळला की स्टेम दबतो आणि पिन अडखळते. स्क्रू सैल करून बघा, निम्म्या वेळा तिथेच सुटतं. मग स्टँड बघा: स्प्रिंगचा दाब पातळ स्टँडला वाकवतो, आणि पिन वर जाताना आणि खाली येताना सुई वेगळी थांबते. मास्टर (डायल ज्यावर सेट करतात तो नमुना) आणि जॉब दोन्ही एकाच बाजूने टेकवून वाचा. डायल तिरका असेल तर १० अंशांना दीड टक्का जास्त वाचतो, ०.१ मि.मी.च्या फरकावर दीड मायक्रॉन, तुमच्या टॉलरन्सला नगण्य. २० अंशांना सहा टक्के, ते मात्र मोजावं लागतं.

डायलच्या पिनवर जॉब बाजूने घासत असेल तर मध्ये एक ट्रान्सफर पिन घाला, डायल तिच्या मागे. पण तिच्या स्प्रिंगचा जोर एक-दोन न्यूटनच ठेवा. तिथे बरेच जण हातात येईल ती स्प्रिंग घालतात, वीसची असली तरी. मग डायलचा दाब मोजण्यात अर्थच राहत नाही, ट्रान्सफर पिनच जॉबला ढकलते. आणि जॉब मशीनवरून गरम काढून लगेच मोजू नका: बीड एका मीटरला एका अंशाला सुमारे ११ मायक्रॉन वाढतं, १०० मि.मी.चा जॉब मास्टरपेक्षा १० अंश गरम असेल तर ०.०११ मि.मी. मोठा दिसतो.

कानाखालचा प्लंजर काढून आणि साइडचे निम्म्यावर आणून वीस जॉब काढा. मग तीन आकडे लिहून टाका: पोझिशनचा फरक, क्लॅम्प आवळताना बाजूच्या डायलची हालचाल, आणि तपासणीच्या दुसऱ्या चाचणीतला सगळ्यात मोठा फरक. त्यावरून क्लॅम्प बदलावा की लोकेटर हलवावा ते सांगता येईल.